की म्हणजे हो

दिदुबेच्या स्टँडवर मी विचारलं, कुताइसी?
ड्रायव्हर म्हणाला, की.
मी थांबले.
आपल्याकडे 'की'नंतर काहीतरी येतं:
की जागा नाही, की उशीर आहे,
की पलीकडच्या गाडीत बसा.
तो नुसता बघत राहिला,
ओठातली सिगारेट न काढता.
त्याचं वाक्य संपलं होतं.

तेवीस किलोची बॅग गुडघ्यांत.
खिशात सिम नसलेला मोबाईल,
म्हणजे घड्याळ आणि टॉर्च.
आणि एका कागदावर खोलीचा पत्ता, इंग्रजीत.
ड्रायव्हरने तो सुलटा धरला, उलटा धरला,
मागे दिला.
मग कागद गाडीभर फिरला,
वर्गात पकडलेल्या चिठ्ठीसारखा,
प्रत्येकाने वाचला, प्रत्येकाचं मत वेगळं.
शेवटी मागच्या बाकावरच्या बाईने
दातांत पेनाचं टोपण धरून
खाली तोच पत्ता त्यांच्या अक्षरांत लिहिला.
गोल गोल, पोटं सुटलेली अक्षरं,
शिरोरेषेवाचून उभी,
कशालाही न लटकता.
माझंच घर, आणि मला वाचता येईना.

टेकडीवर चर्च दिसलं
तशी सगळी गाडी तीन-तीनदा क्रूस काढू लागली,
ड्रायव्हरसुद्धा, वळणावर, स्टिअरिंग सोडून.
मी पुढची सीट घट्ट धरली.
तेवढ्यापुरता माझाही तोच देव.

सुरामीला गाडी थांबली.
रस्त्याकडेच्या टपऱ्यांतून बायका
लांबट गरम पाव हलवून दाखवत होत्या.
मागची बाई (नानुली, छातीवर हात आपटून सांगितलं)
एक घेऊन आली, मधोमध फाडला,
मोठा अर्धा माझ्याकडे.
मी पैसे काढले.
अरा, ती म्हणाली.
हा शब्द कोणी समजावून द्यावा लागला नाही.
आत मनुका होत्या. लवंगेचा वास होता.

तेवढ्यात, मामा! मामा!
मी गर्रकन मान वळवली,
जणू काल विमानतळाच्या काचेपलीकडे
शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत उभा असलेला माझा मामा
वैरागहून निघून इथवर आलाच.
एक पोरगा धावत जाऊन बापाच्या कमरेला बिलगला.
इथे बापाला मामा म्हणतात.
आमच्याकडेही, तसं बघितलं तर.
फी त्यानेच भरली.

मग आईच्या भावाला काय म्हणता?
हे हातवाऱ्यांनी विचारता येत नाही.
मी विचारून पाहिलं.
नानुलीने पाण्याची बाटली दिली.

कुताइसीत अंधार. घरमालकीण एतेरी
दारातल्या दिव्याखाली कागद वाचत राहिली,
नानुलीची एक चूक पेनाने दुरुस्त केली,
मग मला आत घेतलं.
चीज भरलेली जाड भाकरी. तीन तुकडे. चौथा.
खाता खाता तिने काहीतरी लांबलचक विचारलं
आणि शेवटी, भुवया उंचावून: हो?

हो.
अगदी आपला.
तोंडात घास असताना
आतल्या खोलीतून आलेल्या हाकेला देतो तो.
मी म्हणाले, हो!
इतक्या जोरात
की तिच्या हातातली किटली हलली.

काय कबूल केलं ते साडेअकराला कळलं.
एका कानाचं म्हातारं मांजर आलं
आणि माझ्या पायांवर, पांघरुणात, कायमचं झोपलं.
शुक म्हटलं. हाड म्हटलं.
त्याला मराठी येत नव्हतं.

वायफायचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवला होता.
मामाला लिहिलं, पोचले.
तिकडे रात्रीचा एक,
तरी लगेच आलं: जेवलीस का?

जेवले की, मी लिहिलं.
पुढे काही लिहावं लागलं नाही.