उलट लावलेली शीर

माझी जागा पायाशी.
छाती उघडणारे पलीकडे, मोठ्या दिव्याखाली.
त्यांची करवत थांबते तेव्हाच
ती चालू होती हे मला कळतं.
घोट्याच्या हाडापुढे बोटभर वर
मी पहिला छेद घेते
आणि शोधते ती शीर,
माणूस जन्मभर उभा राहिला जिच्या जिवावर
आणि जिची त्याला कधी आठवणही झाली नाही.

आज टेबलावर एरिबेर्तो ओयार्सून.
एकोणसत्तर. वाल्पाराइसोचा पोस्टमन, आता घरी.
बेचाळीस वर्षं हा माणूस
खांद्याला पिशवी लावून आमच्या टेकड्या चढला.
रुळांवरचे लाकडी डबे बंद पडले की पायऱ्या,
आणि ते तर नेहमीच बंद.
पत्र्याची घरं, निळी, पिवळी, गंजलेली,
आणि दर चार दारांआड एक कुत्रा
पोस्टमनवर जुना राग धरून.
पोटरीवर व्रण आहे, चार दातांचा.
मी त्याला वळसा घालून पुढे जाते.

शीर चांगली निघाली.
सुतळीएवढी, धुक्यातल्या समुद्राच्या रंगाची.
तिच्या फांद्या एकेक बांधत मी वर सरकते,
इथे गाठ, इथे गाठ, गुडघा, मांडी,
तोही असाच जात असेल दारोदार.
"नोल्फा, किती मिळेल?" डॉक्टर अरांसिबिया विचारतात.
"तीन होतील."
छातीच्या भिंतीआडची रोहिणी त्यांनी सोडवून ठेवलीय.
ती पुढच्या मोठ्या वाटेला.
ती टिकते, वीस वर्षं, कधी त्याहून जास्त.
माझ्या नीला मात्र दहा वर्षांत
निम्म्या बुजतात.
हा आकडा मला पाठ आहे.
हात तरी घाई करत नाही.

वाटीत घेऊन खारं पाणी भरते.
एका जागी कारंजं उडतं, केसाहून बारीक.
टाका.
मग घोट्याकडच्या टोकाला खूण करते,
कारण शिरेच्या आत दारं असतात
एकाच बाजूला उघडणारी:
रक्तानं वर जावं, मागे घसरू नये.
आहे तशी जोडली तर हीच दारं
हृदयाच्या तोंडावर बंद होतील.
म्हणून उलट. घोट्याचं टोक महाधमनीला,
मांडीचं टोक हृदयावर, अडथळ्याच्या पलीकडे.
आम्ही उलट म्हणतो.
तिच्या लेखी काहीच उलटं झालेलं नाही,
ती घोट्याकडून मांडीकडे
अजून चढतेच आहे.

एकसष्ट मिनिटं हृदय गप्प होतं,
थंड, पोटॅशियमनं भिजलेलं.
यंत्र त्याच्या वाटचं काम करत होतं.
चिमटा निघाला तेव्हा ते आधी नुसतं थरथरलं,
झोपमोड झालेल्या माणसासारखं,
कुणावर चिडावं ते न कळून.
मग लागलं कामाला.
तोवर मी पाय शिवून झाला होता.

चौथ्या दिवशी वॉर्डात गेले.
"छातीचं ठीक आहे," तो म्हणाला,
"पाय कुणी कापला?"
मी म्हटलं, मी.
घोट्याच्या आतल्या बाजूला हात लावून म्हणाला,
इथे काही कळत नाही.
काही महिने नाही कळणार, मी म्हटलं,
कदाचित कधीच नाही.
खोकला आला की छातीशी घट्ट धरायला उशी देतात.
त्याच्या मुलीनं, यास्नानं, त्याची जुनी टपालपिशवी आणली होती,
टॉवेल कोंबून, वादी तुटलेली.
तो तिला मिठी मारून खोकत होता
आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, खोकल्यानंच.
"किती वर्षं?" त्यानं विचारलं.
मी आकडे सांगितले. दोन्ही.
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
काय ते मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी मागच्या दारानं
त्याला पायऱ्यांवर नेलं. बारा पायऱ्या.
नवव्या पायरीवर तो थांबला, कठडा धरून.
मी नाडी धरली, मनात शब्द जुळवत होते.
वर कुठल्याशा घरातून कुत्रा भुंकला.
"हा आहे होय अजून," तो म्हणाला,
आणि दहावी चढला.