यादीत दुसरी

बुधवार. सकाळी साडेआठ. यादीत दुसरी.
पहिली कोणीतरी जुळ्यांची आहे.
डॉक्टर गोन्साल्विसबाईंनी डायरी माझ्याकडे वळवली,
वर पेनही दिलं.
मी लिहिलं, हेमांगी वैती.
वडाळा डेपोत अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पाळ्या लिहिते मी,
कोण पहाटेच्या गाडीवर, कोणाची सुट्टी रद्द.
स्वतःचं नाव रकान्यात बसवताना
अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

मागच्या वेळी कोणी काही लिहिलं नव्हतं.
रात्री दोन चाळीसला बाळाचे ठोके खाली गेले
आणि सगळे धावायला लागले.
छताचे दिवे एकामागून एक डोक्यावरून गेले.
जेवण कधी झालं, कोणीतरी विचारलं.
आठ वाजता वडापाव, मी म्हटलं,
आणि तो भूलवाला असा चुकचुकला
की अजून वडापाव खाताना मला अपराधी वाटतं.
डोहाळजेवणातल्या हिरव्या बांगड्या हातात होत्या.
फोडते हां, सिस्टर म्हणाली.
वाढवते म्हणा, मी म्हटलं.
त्या रात्री मी बोललेलं शेवटचं वाक्य.

नंतर एकदम सकाळ.
घसा खरवडलेला, आणि शेजारी दुपट्यात एक मुलगी
जिला माझ्याआधी सतरा जणांनी पाहिलं होतं.
रडली का ती?
रडली की, खूप, संदेश म्हणाला.
ते रडणं माझ्याकडे नाही.

म्हणून या वेळी प्रश्न लिहून नेले,
ड्यूटीच्या जुन्या तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर.
पूर्ण भूल की पाठीत सुई? पाठीत.
मी जागी असेन? असाल.
पडदा जरा खाली करता येईल? बाळ बाहेर आलं की, हो.
जुन्या व्रणावरच? त्यावरच.
नॉर्मलचा प्रयत्न करायचा का, हे त्यांनी दोनदा विचारलं,
आकडे समजावले, घड्याळाकडे पाहिलं नाही.
मी दोनदा नाही म्हटलं.
दुसऱ्यांदा आवाज कापला नाही.
जाऊ म्हणाली, होतं गं आजकाल, भितेस कशाला?
होतं, माहीत आहे.
मी भीत नाही असं कुठे म्हटलं?

अडचण भलतीच निघाली. बुधवार पितृपक्षात.
सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं,
सहा दिवस ढकला म्हणाल्या, घटस्थापनेला घ्या.
त्याआधीच कळा आल्या तर पुन्हा रात्रीची पळापळ,
हे मी सांगितलं, संदेशनं सांगितलं.
दोन दिवस घरात फक्त भांडी बोलली.
तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या,
या पंधरवड्यात येतातच ना सगळे जेवायला.
तुझे सासरे. त्यांची आई.
येतील तर बघून जातील.
आणि पुन्हा भाजीत मान घातली.
मला वाटतं, ते त्या स्वतःलाच सांगत होत्या.

मंगळवारी पाळ्यांची वही तोरसकरकडे दिली.
बॅगेत फाइल, दुपटी, चार्जर, संदेशची टूथपेस्ट,
जी तो मागच्या वेळी विसरला होता.
बांगड्या मी स्वतःच काढल्या, साबण लावून, एकेक.
एकही वाढली नाही.
चार्वीच्या हातात घातल्या तर कोपरापर्यंत गेल्या.
ती म्हणाली, बाळाला माहितीये का उद्या बुधवार आहे?
नाही गं.
मग कोणीतरी सांगायला पाहिजे.
आणि पोटाला तोंड लावून तिनं सांगितलं,
वेळेसकट. यादीत दुसरी, हेही.

बारानंतर पाणी नाही.
अकरा पंचावन्नला ओट्याशी उभं राहून
मी एक तांब्या पूर्ण प्यायले.
खाली डेपोत शेवटची गाडी आत वळली.
आज तिच्यावर कोण आहे, मला पाठ आहे.