दिवसाची रात्र

जूनमध्ये वार्दोला रात्र होत नाही.
घड्याळ म्हणतं बारा, आणि समोरच्या मासळीच्या गोदामावर
ऊन असं, की कुणी आत्ताच रंग देऊन गेलंय.
झोपायचं असतं हे सीगलांना कुणी सांगितलेलं नाही.
रागनालाही नाही.

पाच महिन्यांची आहे.
जानेवारीत जन्मली तेव्हा इथे उजाडतच नव्हतं,
दिवसभर काळोख, आणि ती दिवसभर झोपायची.
सिव म्हणते, मुळीच नाही,
तू झोपायचास.

दवाखान्यातली गुन्वोर म्हणाली, क्रम सोडू नका.
आंघोळ, दूध, अंधार.
पेंगुळली की खाली ठेवा, झोपल्यावर नव्हे.
रडली तर पाच मिनिटं थांबा.
पाच मिनिटं म्हणजे किती, ते नाही सांगितलं.

आमच्याकडे अंडी उकडायचं घड्याळ आहे, टोमॅटोच्या आकाराचं.
ते पिळतो आणि दाराबाहेर जमिनीवर बसतो.
आत ती, हातात टोमॅटो.
परवा तिसऱ्या मिनिटाला हरलो,
काल चौथ्या.

आंघोळ जमते. दूध जमतं.
अंधार कुठून आणू?

लोक रात्रीचा दिवस करतात,
मी दिवसाची रात्र करायला घेतली.
फॉइलचे तीन रोल. गल्ल्यावरच्या योरुन्ननं विचारलं,
एवढे बटाटे भाजणार?
खिडकी झाकणार, म्हटलं. तिनं चौथा रोल फुकट दिला.
शेजारची हाल्डिस जिन्यातूनच ओरडली,
आम्ही बोटीचं डांबरी कापड टांगायचो,
पोरं झोपायची, पण वर्षभर उशांना डांबराचा वास!

काचेवर फॉइल, फॉइलवर घोंगडी,
घोंगडी अपुरी पडली तिथे नुसतीच फॉइल,
खालच्या फटीत टॉवेल,
दाराच्या किल्लीच्या भोकात कापूस.
सिव खेकड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
लख्ख उन्हातून जाते,
तरी तिला रात्रपाळीच म्हणतात.

दार लावलं.
स्वतःचा हात दिसू नये इतका काळोख.
रागनाला खाली ठेवलं, पेंगुळलेली, झोपलेली नव्हे.
घड्याळ पिळायला बोटं लावली.
ती रडलीच नाही.

कुठेतरी फॉइलला सुईएवढं भोक राहिलं होतं
आणि त्यातून अख्खं बंदर आत शिरलं होतं,
उलटं.

भिंतीवर, पाळण्याच्या अंगाला,
वर पाणी, खाली आकाश,
गोदामाचं लाल छप्पर जमिनीला टेकलेलं,
सगळं फिकं, खूप वेळा धुतल्यासारखं.
एक ट्रॉलर आला. आवाज नाही, धूर खाली सांडत,
पाण्याला लटकून सावकाश भिंत ओलांडू लागला.

रागना बघत होती.
ट्रॉलर सरके तसे तिचे डोळे सरकत.
उलटं कशाला म्हणतात तिला काय ठाऊक.
तिला वाटलं असेल, जिची एवढी कटकट चाललीये
ती रात्र म्हणजे हीच.

चिकटपट्टीचा तुकडा तोडला, नखावर घेतला,
भोकाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.
एवढा ट्रॉलर जाऊ दे.
मग एक छोटी होडी आली, तीही जाऊ दे.
मग एक सीगल, पोट वर करून.
मग बराच वेळ कुणीच नाही, नुसतं पाणी.

वळून पाहिलं तर
तिच्या मुठी उघडल्या होत्या.

तीनला दचकून उठलो,
कुणी उठवलं नाही म्हणून.
तिच्या नाकाशी गाल नेला. कोमट लागलं.
चारला पुन्हा नेला.
साडेचारला पुन्हा.

सहाला सिव आली, दंडापर्यंत खेकड्यांचा वास,
दारातूनच, ओठांनी नुसतं: झोपली?
मान हलवली.
आणि तू?

भिंतीकडे बोट केलं.
बाहेर ढग आले असावेत,
भिंतीवर काही नव्हतं.
ती भिंतीकडे बघत राहिली, मग माझ्या बोटाकडे.
नखावर चिकटपट्टी तशीच होती.