दाब, धर, सोड

सिमरोळच्या घाटात, तिसऱ्या वळणावर
पेडल पायाखालून गेलं,
भिजल्या पोह्यांत अंगठा जावा तसं.
विरोध नाही, आवाज नाही.
दोनदा दाबलं तेव्हा कुठे गाडी थांबली
पुढच्या टँकरपासून हातभर अंतरावर.
मागे महूच्या बटाट्यांचे पन्नास कट्टे.
त्यांना काही कळलं नाही.

घरी मी कोणाला बोलले नाही.
फाटकातून गाडी आत घेतली तेव्हा
ओट्यावरून अण्णांनी फक्त विचारलं,
"पहिल्यात… का आणून… राहिली?"

देवास नाक्यावर नब्बू उस्तादचं गॅरेज म्हणजे
एक कडुनिंब, एक जॅक,
आणि आमच्या चारशे सातपेक्षा जुनी एक खुर्ची.
तीत अण्णांना बसवलं, काठीसकट.
मागच्या दिवाळीपासून त्यांची उजवी बाजू
त्यांचं ऐकत नाही,
आणि शब्द एकेक करून येतात,
लांबच्या डेपोतून निघाल्यासारखे.

उस्तादने टाकीचं झाकण उघडलं.
तेल काढ्यासारखं काळं.
चारही चाकांमागे बोट फिरवून पाहिलं: कोरडं.
ड्रम काढले. लायनर शाबूत.
"हवा है," तो म्हणाला, आणि गाडीखाली गेला,
सगळ्यात लांबच्या चाकापाशी आधी,
मागे, डावीकडे.

मी वर, सीटवर.
"दबा."
दाबते.
"थाम."
धरते.
खाली कुठेतरी निपल सुटतो,
पेडल तळाला जातं, पाय त्याच्या मागे.
निपल आवळल्याचा किरकिर आवाज.
"छोड."

तो दिसत नाही, नुसता शब्द येतो.
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत
पारदर्शक नळीतून बुडबुडे येतात म्हणे.
मग लहान येतात. मग येत नाहीत.
दुसरं चाक. तिसरं.
दबा, थाम, छोड.
पोटरीत गोळा आला तरी
मी कधी आपणहून सोडलं नाही.
मध्येच सोडलं तर हवा परत आत जाते.

दुपारपर्यंत तेलाचे दोन डबे संपले.
पेडल मऊच.

मग मास्टर सिलिंडर उघडला.
किट बदललं, जुने वॉशर
उस्तादने तळहातावर घेऊन
मला दाखवले, दोषी कोण ते ठरल्यासारखे.
पुन्हा चारही चाकं. पुन्हा दबा, थाम, छोड.
मऊच.
उस्ताद लांब जाऊन बिडी ओढायला लागला.

तेव्हा अण्णा.
"दाबून धरलं… तर… खाली… बसतं का?"
"नाही. तिथेच राहतं. पण मऊ."
"मग मास्टर… कशाला… उघडला?"
उस्तादने बिडी विझवली.
"रबर… बघ," अण्णा म्हणाले,
आणि काठीने पुढच्या डाव्या चाकाकडे
नाही, साधारण त्या दिशेला, दाखवलं.

मला खाली उतरवलं, भाच्याला वर चढवलं.
"हाथ लगा, बिटिया."
होज पाइप मुठीत धरला.
बाहेरून एक चीर नाही.
वरून दाब आला
आणि माझ्या मुठीत तो फुगला,
अंगठ्याएवढा जाड, जिवंत काहीतरी,
मग पाय निघाला तसा ओसरला.
घाटात मी जे जे दाबलं
ते चाकापर्यंत पोचलंच नव्हतं.
इथे, वाटेतच, फुगून बसत होतं.

उस्तादने त्यावर चिंधी गुंडाळून शिकंजा आवळला.
वरून भाचा ओरडला, "पत्थर! पत्थर हो गया!"
अण्णा खुर्चीत सरळ बसले नाहीत,
त्यांना ते जमत नाही,
पण चहा मागितला, साखरेचा,
डॉक्टरांनी बंद केलेला.
मी आणून दिला.

लोहामंडीतून तिन्ही पाइप नवे आणले.
उस्तादने मजुरी निम्मी घेतली
आणि अण्णांच्या पायांना हात लावला,
चुकून, पाना उचलताना लागावा तसा.

संध्याकाळी रिंग रोडला सिग्नल लाल झाला.
मी दाबलं. वरच थांबलं, घट्ट.
शेजारी अण्णांचा डावा पाय
पत्र्याच्या फरशीवर माझ्याबरोबरच दाबला गेला होता
आणि हिरवा झाला तरी सुटला नव्हता.
"सोडा आता," मी म्हटलं.

जुना पाइप दाराच्या खणात आहे अजून.
रिकामा असताना
तो अगदी ठीक वाटतो.