सोवळं

सकाळी सव्वासातला, रास्ता पेठेतल्या आमच्या थिएटरात
माझं पहिलं काम हात.
कोपरापर्यंत, नखांखाली, बोटांच्या बेचक्यात.
मग ट्रे. मग काचेची ती बारीक मान.
स्पिरिटचा बोळा फिरवते
आणि थांबते.
पुसलं म्हणजे झालं असं नसतं, वाळू द्यावं लागतं.
नव्या पोरींना एवढं थांबणंच जमत नाही.

टक्. मान मोडते.
आत दूध. म्हणजे दुधासारखं:
सोयाबीनचं तेल, अंड्याचा बलक, आणि झोप.
जंतूंना हे पक्वान्नच.
दूध नासलं तर फाटलेलं दिसतं,
हे दिसत नाही.
पांढरं, गप, सिरिंजमध्ये बसून राहतं
आणि कुणाला तरी रात्री हुडहुडी भरते.
म्हणून मी सिरिंजवर वेळ लिहिते. सात चाळीस.
अक्षर माझं कोंबडीचे पाय, पण आकडे स्वच्छ.

आजची दुसरी केस हर्नियाची.
दस्तगीर तांबोळी, मार्केट यार्डात हमाल.
पहिल्या केसमधली अर्धी कुपी उरलेली.
डॉक्टर पटवर्धन नवे आहेत, हुशार, वाईट नाहीत.
म्हणाले, "ओव्हाळ सिस्टर, महागाचं औषध आहे.
सुई बदलू की. काय होतंय?"
मी उरलेलं कापसावर ओतलं,
कापूस पिवळ्या पिशवीत टाकला.
ते हसले. "तुमचं सोवळं भलतंच कडक."

सोवळं.
माझी आई नारायण पेठेत रस्ते झाडायची.
एका दारात तिला पाणी मिळायचं,
वरून, ओंजळीत,
भांड्याला हात लागू नये म्हणून.
मी शेजारी उभी. माझ्या फ्रॉकवर शिंतोडे.

आता दिवसभर मी हेच तर करते:
सुई कशाला लागू नये,
काच बोटाला लागू नये,
ह्याचं त्याला लागू नये.
फक्त इथला विटाळ
माझ्या बोटांवर असतो तेवढाच
पटवर्धनांच्या बोटांवर.
हे त्यांना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.
"हात धुऊन या, डॉक्टर," एवढंच म्हणाले.
ते गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

नवी कुपी. बोळा.
तांबोळी टेबलावरून माझ्याकडे बघत होते.
"ताई, कशासाठी थांबलोय?"
म्हटलं, "वाळतंय."