पाव फेरा

अर्जातला शेवटचा प्रश्न :
‘तुम्हाला हे काम का करायचं आहे?’
तीन ओळींची जागा होती. मी एकच लिहिली :
‘गुरुवारी संध्याकाळी मी मोकळी असते.’
तरी घेतलं त्यांनी.
मग दोन संध्याकाळी प्रशिक्षण,
बिस्किटं, फळा,
आणि सल्ला असा की सल्ला देऊ नका.

एकतीस वर्षं डंडीच्या रस्त्यांवर बस चालवली.
या वयाची पोरं मी आरशातच पाहिली,
मागच्या सीटवर, टोपी कपाळावर ओढलेली.
समोर बसवून कधी नाही.

रूरी समोर बसला तरी पाठच दिसायची.
पंधरा वर्षांचा. खांदे असे,
की आत्ता कोणी हाक मारेल
आणि ती बरी नसेल.

रेल्वेच्या कमानीखाली आमची शेड.
लोकांनी टाकलेल्या सायकली,
तापण्याआधी खोकणारा गॅसचा हीटर.
हिवाळ्यात चारलाच अंधार,
आणि टे नदीवरचा वारा
दाराच्या फटीतून यायचा, घरचाच असल्यासारखा.

पहिला गुरुवार : ‘माहीत नाही.’
दुसरा गुरुवार : ‘माहीत नाही.’
तिसऱ्याला आलाच नाही.
मी दोघांच्या वाटणीच्या चिप्स खाल्ल्या,
व्हिनेगर जरा जास्तच झालं होतं,
आणि घरी जाताना स्वतःला म्हटलं,
बाई गं, तुझं आपलं स्टिअरिंगच बरं होतं.

चौथ्याला आला.
का आला नव्हतास, विचारलं नाही.
प्रशिक्षणाचा उपयोग झाला तो एवढाच.

चाकाची आऊट काढायची होती, आणि मला ती येत नव्हती.
तसं सांगितलं, तेव्हा त्याने मान वर केली.
मोठ्या माणसाला एक गोष्ट येत नाही
आणि ते चिडलेलं नाही,
हे त्याने उजेडात धरून तपासलं,
दुकानदार नोट तपासतो तसं.

माहितीपुस्तिका होती. चष्मा घरी.
मी हात लांब करकरून वाचत होते.
त्याने ती ओढून घेतली.
‘जिथे... घासतं... तिथे...’
एकेका शब्दाशी थांबत, परत मागे येत.
मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.
त्या शेडला खिडकी नाही.

‘तिथे समोरच्या बाजूचा स्पोक
पाव फेरा आवळा. जास्त नको.’

जास्तच केलं आम्ही.
दोन स्पोक तोडले त्या महिन्यात.
दुसरा माझ्यामुळे.
तो हसला. दात वाकडे आहेत त्याचे,
हे मला जानेवारीत कळलं.

फेब्रुवारीत म्हणाला,
‘गॅरेजमध्ये पोरगा हवाय. फोन करायचाय.
तुम्ही कराल?’
हो अगदी जिभेवर आलं होतं.
हातात चाक होतं म्हणून वाचले.
म्हटलं, ‘मी हे धरून ठेवते.’

तो बाहेर गेला. दार पुरतं लागत नाही आमचं.
वाऱ्यातून तुकडे येत होते :
‘नाही... हो... रूरी...
आऊट काढता येते मला. चाकाची.’
मग बराच वेळ नुसती वरून जाणारी गाडी.

आत आला. ‘दुसरा घेतला त्यांनी. काल.’
माझ्याकडे त्या वेळी म्हणण्याजोगं
एकही वाक्य नव्हतं,
आणि फळ्यावरचं एकही आठवेना.
त्याने पाना उचलला. चाक फिरवलं. ऐकलं.
‘नावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं त्यांनी,’
चाकाकडेच बघत म्हणाला.
‘दोनदा सांगितलं.’

वर्षअखेर पुन्हा एक अर्ज आलाय.
‘प्रगती : एक ते दहामध्ये आकडा लिहा.’
टेबलावर पडून आहे. वर चिप्सचा तेलाचा डाग.

आज एक नवी मुलगी आली, नऊ-दहा वर्षांची,
साखळी पडलेली सायकल ओढत.
रूरीला काही विचारलं तिने. तो म्हणाला,
‘माहीत नाही,’
आणि खाली बसला,
‘बघूया.’

चाक अजून किंचित घासतं.
हीटर बंद केला, तर ऐकू येतं.