पाणसळ

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाच.
डुलूथमध्ये उणे चौदा.
सरोवरावरून वारा असा येतो
जणू त्यालाही आत जायचंय, सगळ्यांच्या आधी.
रांगेत माझ्या पुढे सव्वीस माणसं.
मोजायला दुसरं काही नव्हतं.

बाबांची हत्यारपेटी एइनार घेऊन गेला.
"तुला काय उपयोग," एवढंच,
तेही ट्रकच्या खिडकीतून.
बाबा गाडीखाली आडवे पडलेले असायचे
आणि बाहेर आलेल्या त्यांच्या तळव्यावर
मी पाना ठेवायची, नंबर अंधारात बोटांनी ओळखून.
एइनार तेव्हा हॉकी खेळत होता.
असो.

खिशात वीजबिलाच्या पाकिटावर यादी:
पक्कड, हातोडी, पेचकस लहानमोठे,
ड्रिल मिळालं तर.
खाली दोनदा अधोरेखित: साठ डॉलरच्या आत.

दार उघडलं
आणि माणसं पाण्यासारखी आत शिरली,
जिकडे पिवळ्या पाट्या तिकडे उतार.
एकोणीस डॉलरला एकशे सदतीस नग,
त्यातले शंभर म्हणजे स्क्रूची टोकं;
हे डब्याच्या बुडाशी, बारीक अक्षरात.
ड्रिल एकोणतीसला,
बॅटरी वेगळी, एकोणपन्नासला.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
पक्कड उघडून पाहिली तर जबडा डुगडुगतो.
तरी घेतली.
नळ गळतोय ऑगस्टपासून.

सगळ्यात खालच्या टोपलीत पाणसळी,
चार डॉलरला एक.
एक उचलून मांडणीवर ठेवली,
बुडबुडा बरोब्बर दोन रेघांच्या मध्ये.
"तेवढ्यावर भुलू नकोस," शेजारून कुणीतरी.
सत्तरीची बाई, पुरुषी कोट,
बाहीच्या दुमडीत लाकडाचा भुसा.
"फिरव. हे टोक तिकडे, ते इकडे.
खोटी असेल तर दुसऱ्यांदा वेगळं सांगेल."

सांगितलं.

मग आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून
एकेकीची उलटतपासणी घेत गेलो.
लोक ट्रॉल्या वळवून जात होते,
एका मुलाने विचारलं, काही हरवलंय का.
दहा खोट्या निघाल्या.
अकरावीचा बुडबुडा
दोन्ही वेळा खिडकीच्या बाजूला सरकला, तितकाच.
"ही खरी," बाई म्हणाली,
"वाकडं आहे ते दुकान."

मी तिला पकडीबद्दल विचारलं.
"रोज लागतं ते महाग घ्यावं.
वर्षातून एकदा लागतं ते इथलं."
मग माझी यादी हातात घेऊन, चश्मा कपाळावर चढवून,
"तुला रोज काय लागतं?"

मला सांगता आलं नाही.
ती सँडपेपरचं एक पाकीट घेऊन गेली,
पैसे द्यायच्या रांगेत पुन्हा दिसली नाही.

रविवारी मी फळी बसवली, स्वयंपाकघरात, खिडकीच्या वर.
ड्रिल शेजारच्या पेल्कीचं, तासाभरासाठी.
बुडबुडा मध्ये.
फिरवला, तरी मध्ये.
दोन पावलं मागे येऊन पाहिलं
तर फळी वाकडी.

घर एकोणीसशे अकराचं, टेकडीच्या उतारावर,
शंभर वर्षांत बोटभर सरोवराकडे झुकलेलं.
खिडकी झुकली, दाराची चौकट झुकली,
कपाटं त्यांच्याबरोबर झुकून समजुतीने उभी.
त्या सगळ्यांत एकटी माझी फळी सरळ,
म्हणून तीच डोळ्यांत खुपते.

एकदा वाटलं, काढावी आणि छताला धरून लावावी.
स्क्रूवर पेचकस ठेवलाही होता.
मग चहा केला.

नाताळला एइनार येईल,
बुटांचा बर्फ झटकता झटकता
दारातूनच म्हणेल, वाकडी बसली.
पाणसळ तिथेच ठेवली आहे, बरण्यांच्या मागे,
हात वर केला की लागेल अशी.
फिरवून बघायचं कसं, ते त्याला माहीत नसणार.

पक्कड मात्र उद्या बदलून आणायची आहे,
पहिल्याच नटाला जबडा निसटला.
पावती वीजबिलाच्या पाकिटात.
नव्वद दिवस आहेत.